दगडूभाऊंची मोठी कमिटी

आमच्या महाळुंगे पडवळच्या यात्रेत शेवटची पंगत उठायला आली की दगडूभाऊ देवळाच्या पायरीवरून ओरडायचे, “कुणी उपाशी राह्यलं का रं?” एकदा ओरडून त्यांचं समाधान होत नसे. अध्यक्षच जेवलेले नाहीत म्हटल्यावर आम्हा कमिटीवाल्यांनाही ताटावर बसता येत नसे. तेव्हा मी मनातल्या मनात चरफडायचो. आता भाऊ नाहीत, आणि यात्रेत वेळेवर जेवण मिळतं ते गोड लागत नाही.

स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीचा सोहळा आखायला राज्याने समिती नेमली. तिच्यात खेड्यातला एक माणूस हवा म्हणून भाऊंचं नाव गेलं. पत्र मी वाचून दाखवलं. चौथी शिकलेला हा गडी जराही बिचकला नाही. “यात्रा कमिटीच की गुरुजी! फकस्त गाव मोठं,” म्हणाले, आणि मुंबईच्या पहिल्या बैठकीला पिशवीत नारळ घालून निघाले. लिहिण्या-वाचण्याला सोबत मी.

गुळगुळीत टेबलावर नारळ ठेवून भाऊंनी विचारलं, “फोडायचा कुठं?” साहेब लोक एकमेकांकडे बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पडद्यावर आराखडा आला. रोषणाई, संचलन, प्रत्येक ग्रामपंचायतीत थाटाचं ध्वजारोहण. भाऊ उठले.

“साहेब, धरणात गेलेल्या गावांचा झेंडा कुठं?”

“ती गावं आता यादीत नाहीत,” एक अधिकारी म्हणाले. “ती माणसं जिथं राहतात तिथल्या झेंड्याला येतील.”

“माजी थोरली भन डिंभ्याच्या धरणापायी उठली. वसाहतीत ऱ्हाती. दर साली दुसऱ्यांच्या झेंड्याला मागं उभी असती. गाव बुडालं साहेब, मानसं न्हाई बुडाली.”

“पुढच्या बैठकीत बघू. बसा.”

“मंग तवर उभाच ऱ्हातो,” भाऊ म्हणाले.

आणि राहिले! गुडघे दुखायचे त्यांचे. चहा आला, गार झाला, बिस्किटं परत गेली, विषयांमागून विषय संपले. मी सदरा ओढला तर माझा हात झटकला. शेवटी समितीचे वयस्क अध्यक्षच उभे राहिले आणि त्यांनी आराखड्यात ओळ घालायला लावली: विस्थापितांच्या प्रत्येक वसाहतीत, जुन्या गावाच्या नावाने स्वतंत्र ध्वजारोहण. मग म्हणाले, “भाऊ, आता आणा तो नारळ.” तो मंत्रालयाच्या पायरीवर फुटला. खोबऱ्याचा पहिला तुकडा भाऊंनी त्याच अधिकाऱ्यांच्या हातावर ठेवला.

पंधरा ऑगस्टला कळंबच्या अलीकडच्या वसाहतीत, एसटीच्या थांब्यालगत, पाटी लागली होती. तिच्यावर बुडालेल्या गावाचं नाव होतं. दोरी ओढायचा मान भाऊंच्या बहिणीला, सखुबाईला. झेंडा फडकला, फुलं तिच्या पांढऱ्या केसांवर पडली. पाहुण्यांत उभे असलेले भाऊ छाती काढून राष्ट्रगीत म्हणत होते, सूर पार सोडून. मला हसूही आलं आणि रडूही.

कार्यक्रम संपल्यावर सखुबाई सरळ भावाकडे आली. पदराने डोळे पुसत तिने त्याचा दंड धरला.

“दगडू, औंदा दिवाळीला मला न्यायला ये. कुनाला पत्ता इचारू नगं. एष्टीत बस, आन् माज्या गावाचं नाव सांग.”