खांबावरचे विझलेले दिवे

चोवीस वर्षं बाओछिन तव्यासमोर उभी राहिली. काओशुंग बंदरालगतच्या छ्येनचेन वस्तीत एका म्हाताऱ्या जोडप्याचं नाश्त्याचं दुकान होतं, तिथे ती अंड्याच्या पोळ्या करायची. कंटेनरवाले ड्रायव्हर, शाळेची पोरं, बाजारच्या बायका, सगळे तिच्या हातचं खाऊन कामाला जायचे. मग ते जोडपं थकलं, दुकानाचं शटर कायमचं खाली आलं आणि त्रेपन्नाव्या वर्षी बाओछिन रिकामी झाली.

घरी माणसं तीनच. नवरा खुनषान बंदरात ट्रेलर चालवायचा, तो दिवसभर बाहेर. सासू बोंगछी शहात्तर वर्षांची, डोळ्यांत मोतीबिंदू, दिवसभर टीव्हीसमोर. टीव्ही दिसायचा कमी, ऐकू यायचा जास्त. सासूसुनेचं भांडण नव्हतं, तशी मैत्रीही नव्हती. "जेवलात का?", "औषध घेतलंत का?" एवढ्यावर अठ्ठावीस वर्षं निघाली होती.

रिकामपण खायला उठलं म्हणून बाओछिन गल्लीतल्या माझू या समुद्रदेवीच्या मंदिरात झाडलोट करायला जाऊ लागली. गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंना दिव्यांचे दोन खांब होते, माणसाच्या दीडपट उंच. त्यांत ओळीने बोटभर कोनाडे, प्रत्येकात देवीची इवलीशी मूर्ती, मूर्तीमागे एक दिवा आणि खाली नावाची चिठ्ठी. ज्याचं नाव, त्याचं वर्ष उजळ जावं म्हणून घरोघरची माणसं दिवा लावून घ्यायची. पण उजवीकडच्या खांबातले बरेच दिवे विझले होते. दात पडलेल्या तोंडासारखा दिसायचा तो खांब. बसवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, आणि नवा खांब घ्यायचं म्हटलं की मंदिराचा कारभार पाहणारे लियाओ काका कपाळाला हात लावायचे.

एका सकाळी थू आजोबा आले. पूर्वी ते बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांची मुलगी यीरू चार महिने ताइनानच्या इस्पितळात होती. तिच्या नावाचा दिवा विझलेला पाहून ते तिथेच थबकले.

"काका, हा कधी गेला?"

"अहो, हे दिवे जातात-येतात," लियाओ काका म्हणाले. "चिठ्ठी दुसरीकडे लावू या ना! हा बघा, वरचा कसा लखलखीत आहे."

"नको. देवीला तिची जागा हीच माहीत आहे."

एवढंच बोलून आजोबा निघून गेले. पण जाताना त्यांनी त्या कोनाड्याच्या काचेवर बोट फिरवून धूळ पुसल्यासारखं केलं. ती काच आदल्या दिवशीच बाओछिनने पुसली होती. तिला कसंतरीच झालं.

दुपारी तिने काकांना खांबाची मागची फळी उघडायला लावली. आत हिरव्या पट्ट्या होत्या, एकेका पट्टीवर बारा दिवे. दिवा म्हणजे तांदळापेक्षा थोडा मोठा काचेसारखा मणी, त्याला दोन तारेचे पाय, आणि पाय पट्टीला कथिलाच्या थेंबाने चिकटवलेले. "एवढंच?" ती म्हणाली. "मेलेला मणी काढायचा, नवा बसवायचा. टाचलेलं बटण बदलतो तसं."

"बटणाला वीज नसते, बाई," काका म्हणाले. पण एक जुनी, निकामी पट्टी त्यांनी तिला सरावासाठी दिली. "हिच्यावर काय हवा तो धिंगाणा घाल. खांबाला मात्र देवीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

बाओछिन हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि कथिल वितळवायचं एक स्वस्तातलं सोल्डरिंग आयर्न, सोल्डरच्या म्हणजे कथिलाच्या तारेचं रीळ, राळेची डबी आणि मूठभर मणी घेतले.

"मुलगा शिकतोय वाटतं?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, मीच."

"तुम्ही?" त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एक चिमटा फुकट दिला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने पसारा मांडला. आयर्नचं टोक तापलं, तिने तार टोकावर टेकवली, चकचकीत थेंब झाला, आणि तो थेंब तिने मण्याच्या पायावर नेऊन ठेवला. थेंब घरंगळला, टेबलावर पडला आणि प्लास्टिकच्या कापडाला भोक पडलं. दुसरा पायाला चिकटला, पण चिमटा लावताच निघून आला. तिसऱ्या वेळी तिने चिडून आयर्न तसंच दाबून धरलं, तर पट्टीवरचं तांब्याचं वर्तुळच सालपटासारखं उचललं गेलं. दोन दिवसांत एकही जोड धड झाला नाही. बोटाला फोड आला, घरभर राळेचा धूर झाला. संध्याकाळी खुनषान आला आणि दारातच नाक मुरडत म्हणाला, "आज जेवायला काय, टायर?"

तिसऱ्या दुपारी टीव्हीवर कुठलीतरी रडकी मालिका चालू होती. बाओछिनने पुन्हा थेंब उचलला, पायावर ठेवला. कोचावरून आवाज आला, "पावाला लोणी लावतेस का गं?"

बाओछिनने मान वर केली. सासूचं तोंड टीव्हीकडेच होतं.

"काय म्हणालात, आई?"

"कथिल टोकावर घेऊन वर थापतेस. ते काय लोणी आहे? आधी पाय तापव. पाय आणि खालचं तांबं, दोन्हीला एकदम टोक टेकव. दोनपर्यंत मोज. मग तार टोकाला नाही, पायाला लाव. पाय तापला असेल तर कथिल आपणहून धावेल. आधी तार काढ, मग आयर्न. आणि ते टोक आधी ओल्या स्पंजावर पूस, काळंकुट्ट झालं असेल."

ते खरंच काळंकुट्ट झालं होतं. बाओछिनने भांडी घासायचा नवा स्पंज ओला केला, टोक पुसलं, त्याला कथिलाचा पातळ हात दिला. मग टोक टेकवलं, एक, दोन, आणि तार लावली. चर्र आवाज झाला. कथिल पायाभोवती असं पसरलं की जणू तेच इतके दिवस तिथे जायची वाट पाहत होतं. थंड झाल्यावर छोट्या, चमकदार डोंगरासारखं दिसलं ते. चिमट्याने ओढलं तरी हललं नाही.

"झालं," म्हातारी म्हणाली. "हा पक्का बसला."

"तुम्हाला दिसलं?"

"मला काय दिसतंय? ऐकलं. कच्चा राहिला की नुसता थुंकल्यासारखा आवाज येतो. आणि ती खिडकी उघड आधी. हात धुतल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, त्या तारेत शिसं असतं."

खुनषानच्या आईने कधीतरी "फॅक्टरीत काम केलं होतं", एवढंच घरात माहीत होतं. कसली फॅक्टरी, कुणी विचारलं नव्हतं. रताळ्याचा पाला निवडता निवडता त्या संध्याकाळी बाओछिनने विचारलं, आणि म्हातारी इतकं बोलली, जितकं अठ्ठावीस वर्षांत बोलली नव्हती.

तिच्या बापाला पोरगा हवा होता आणि ही चौथी मुलगी. आलीच आहे तर वाढवू, अशा अर्थाचं नाव ठेवलं, बोंगछी. सतराव्या वर्षी तिला बंदराजवळच्या रेडिओच्या कारखान्यात लावलं. लांबच लांब टेबलाला पन्नास मुली, डोक्यावर पिवळी टोपी, समोर येणाऱ्या पट्ट्यांवर प्रत्येकीने आपापले सहा जोड द्यायचे. मागून देखरेख करणारी बाई बांबूच्या काडीने जोड टोचून बघायची. हलला की खुर्चीच्या पाठीवर खडूची रेघ.

"तुमच्या खुर्चीवर किती असायच्या?"

"पहिल्या आठवड्यात खुर्ची पांढरी झाली होती," म्हातारी हसली. "रडायचे मी. मग शेजारच्या मुलीने सांगितलं, पाय तापव. तिचं नाव आहुआ. सहा महिन्यांनी अख्खा महिना माझ्या खुर्चीवर एक रेघ नाही! साहेबाने सगळ्यांसमोर थर्मास दिला. लाल, कमळं काढलेला."

"कुठाय तो?"

"बापाने भावाला दिला, शाळेत न्यायला. पगारही त्याच्याच शाळेत गेला."

"आणि मग काम का सोडलंत?"

"लग्न झालं ना." म्हातारीने एक जून देठ मोडून बाजूला टाकला. "पहिल्याच दिवशी मी भात वाढला, तर माझी सासू म्हणाली, फॅक्टरीतल्या पोरीच्या हाताला वास येतो. महिनाभर मी व्हिनेगरने हात धुतले. पुन्हा कधी नाव काढलं नाही."

आपण ह्या बाईला दिवसभर टीव्ही बघणारी म्हातारी समजत होतो, हे आठवून बाओछिनची मान खाली गेली. पाला निवडून झाला होता तरी दोघी बसून राहिल्या.

त्यानंतर रोज दुपारी क्लास भरू लागला. मास्तरीण कोचावर, विद्यार्थिनी टेबलाशी. "कच्चा." "हा जळाला, वास आला." "कथिल जास्त घातलंस, सासर श्रीमंत आहे वाटतं!" बाओछिनही काही कमी नव्हती. तवा किती तापलाय हे हात वर धरून ओळखण्यात तिची हयात गेली होती, ती समज आता टोकाच्या बाबतीतही येऊ लागली. तीन आठवड्यांत ती मेलेले मणी तांबं न उचलता काढू लागली आणि नवे पाय नीट बसवू लागली.

मग देवीला विचारायचा दिवस आला. लियाओ काकांनी कौल लावायचे लाकडाचे दोन अर्धचंद्र हातांत धरून पुटपुटत खाली टाकले. दोन्ही सपाट बाजू वर करून पडले.

"देवी हसतेय, अजून हो म्हणालेली नाही," काका गंभीरपणे म्हणाले.

"हसू दे. मलापण येतंय हसू," बाओछिन म्हणाली. "परत टाका."

दुसऱ्या वेळी एक उताणा, एक पालथा पडला. परवानगी मिळाली. यीरूचा दिवा ज्या पट्टीवर होता, ती पट्टी काकांनी काढून तिच्या पिशवीत ठेवली. त्या पट्टीवर सात दिवे मेले होते. दोन दुपारी लावून तिने ते बदलले. म्हातारीने प्रत्येक जोड ऐकला आणि चौदाही जोड पास केले.

पट्टी जागेवर बसवायच्या वेळी थू आजोबा नेमके तिथे होते. काकांनी बटण दाबलं. बारापैकी आठ दिवे लागले. चार काळेच, आणि त्या चारांत यीरूचा.

"होईल, होईल," आजोबाच उलट बाओछिनला समजावू लागले. "इंजिन काय पहिल्या किकला लागतं का?"

बाओछिन मान खाली घालून पट्टी घरी घेऊन आली. चिमट्याने चारही मणी ओढून पाहिले, एकही हलेना. "आई, जोड पक्के आहेत. मग का लागत नाही?"

म्हातारीने पट्टी बोटांनी चाचपली. "मला नाही ठाऊक," ती शेवटी म्हणाली. "आमच्या वेळी हे मणी नव्हतेच."

म्हातारीचा रडवेला चेहरा पाहून बाओछिनला जास्तच वाईट वाटलं. मग तिने पिशवीतले उरलेले मणी टेबलावर ओतले आणि एकेक उजेडात धरून बघत बसली. पाय सारखे नव्हते. एक लांब, एक आखूड. बसवताना तिने दोन्ही कापून सारखे केले होते, म्हणून तिकडे लक्षच गेलं नव्हतं. मण्याच्या कडेलाही एका बाजूला इवलीशी सपाट खूण होती, आणि पट्टीवर छापलेल्या गोलालाही एक बाजू सपाट. लागलेले आणि न लागलेले मणी तिने बोट ठेवून ताडून पाहिले. न लागलेले चारही उलटे होते.

"आई! हे सुलट-उलट बघतात! वीज एकाच बाजूने जाते ह्यांच्यातून!"

"हट्टी आहेत मग," म्हातारी म्हणाली. "तुझ्या नवऱ्यासारखे. आण इकडे." तिने एक सुटा मणी बोटांत फिरवून सपाट कड अंगठ्याने शोधली. "हं. हाताला लागली. म्हणजे हे आता तुझ्याकडून शिकायचं मला."

चार मणी काढून सुलटे बसवायला तासही लागला नाही. दुसऱ्या दिवशी बारा दिवे लागले. थू आजोबांनी संध्याकाळी घरी पेरूंची पिशवी आणून दिली. दिव्याने कुणी बरं होत नाही हे त्यांनाही ठाऊक होतंच. तरी त्यानंतर ते रोज यायचे, उभे राहायचे, जायचे. दोन महिन्यांनी सांगून गेले की यीरू आता इस्पितळाच्या कँटीनपर्यंत चालत जाते, आणि तिथली सोयाबीनची खीर कशी पाणचट आहे याची तक्रार करते.

हिवाळाभर बाओछिनने खांबाच्या पट्ट्या एकेक करून घरी आणल्या. लियाओ काका गल्लीभर सांगत सुटले, तेव्हा शेजारणीही आपली बंद पडलेली खेळणी, रेडिओ घेऊन येऊ लागल्या. जमेल ते ती करायची, न जमेल ते सरळ परत द्यायची.

वसंतात म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली त्याच्या पंधरवड्यानंतर एका दुपारी ती कोचावरून उठली, टेबलाशी आली आणि बाओछिनला म्हणाली, "सरक."

बाओछिन सरकली. म्हातारीने आयर्न हातात घेतलं, पेनासारखं, तीन बोटांत. पकड जुनीच होती. पण टोक पायापाशी नेलं तर ते दोनदा घसरलं. तिने मनगट टेबलाच्या कडेवर टेकवलं, श्वास रोखला, ओठ हलवून दोनपर्यंत मोजलं आणि तार लावली. चर्र झालं, पण तुटक. कथिलाचा गोळा एका बाजूला कलंडला.

आयर्न खाली ठेवून तिने वाकून तो गोळा पाहिला. आता तिला सगळं स्वच्छ दिसत होतं.

"बरा आहे की," बाओछिन म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. रेघ पडली असती ह्याला."

"मग?"

"मग काय? पुन्हा तापवायचा. तू धर माझं मनगट, टोक पायाकडे मी नेते."

बाओछिनने आपला हात तिच्या मनगटाखाली घातला. कातडी सैल होती आणि आत नाडी उडत होती. दोघींनी मिळून टोक टेकवलं. म्हातारी मोठ्याने मोजत होती, आणि ह्या वेळी एका आकड्याने जास्त, तीनपर्यंत. गोळा वितळला, सरळ झाला, पायाभोवती बसला. ती पट्टी खांबात खालून दुसऱ्या ओळीत लागली आणि अजून चालू आहे.