गंमत करतात

रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ती कवठे येमाईला चढायची आणि माझ्या शेजारी बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या कुणाचा पाय तिच्या पायावर पडला, तरी तीच म्हणायची, "माझंच चुकलं."

रोज नवऱ्याचा फोन यायचा. तो इतका मोठ्यानं बोलायचा की मलाही ऐकू यायचं. "भाजीत मीठ न्हाई. येडी ती येडीच. तुला कंपनीत ठेवली कुणी?" ती तोंडावर स्कार्फ धरून हसायची. फोन ठेवला की मला सांगायची, "गंमत करतात."

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "मग तुम्हीही करा की त्यांची गंमत."

"केली ना. गणपतीत, जावंसमोर. दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले न्हाईत. मीच पाया पडले, तवा बोलले."

"याला गंमत नाही, छळ म्हणतात."

"छळ कसला? हात न्हाई लावला कधी."

नवरा मारत नाही, एवढ्यावर आमच्याकडे संसार पास होतो.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये एकाची बॅग तिच्या डोक्याला लागली. "माझंच..." म्हणाली आणि थांबली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "बघून चाला की. तुमचं चुकलं." तो सॉरी म्हणाला. ती माझ्याकडे बघून हसली, पहिल्यांदाच स्कार्फ न धरता.

तेवढ्यात फोन वाजला. कानाला लावण्याआधीच तिनं स्कार्फ तोंडावर धरला आणि ती रोजचं हसू हसायला लागली.