भडगावच्या शेतातलं भरीत आणि रेवतीचा प्रश्न

जळगावला उतरले तेव्हा थंडी नाकाला झोंबत होती. घ्यायला आलेली माझी मैत्रीण सुनंदा मात्र घामाघूम. "आधी रेवतीला वसतिगृहातून घेऊ. येते की नाही, देव जाणे!"

रेवती तिची सोळा वर्षांची मुलगी. जन्मापासून ऐकू येत नाही, इथल्या कर्णबधिरांच्या शाळेत शिकते. दिवाळीत घरी ताट आपटलं आणि परत गेल्यावर आईला मोबाईलवर कळवलं, 'आता सुट्टीत घरी येणार नाही.' एका दिवसासाठी कबूल झाली ती भरितासाठी. खानदेशी रक्त, दुसरं काय!

भडगावपर्यंत एसटीत ती खिडकीला कपाळ टेकून बसली.

शेतात पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर हिरवी वांगी भाजत होती. भरीत-पुरी खाताना सुनंदाचे सासरे, आबा, तरुणपणीची गोष्ट सांगत होते. दोंडाईच्याला लग्नाला निघाले, रेल्वेत झोपले, भलत्याच स्टेशनावर उतरले आणि भलत्याच लग्नात जेवून आले. सगळे खो खो हसले.

रेवतीनं माझा दंड हलवून खुणेनं विचारलं, काय झालं? मी शहाणीनं हातानं 'नंतर' केलं. सुनंदाही म्हणाली, "काही नही, मंग सांगसू."

रेवतीनं हातातली पुरी मातीत भिरकावली. सोबतच्या वहीत लिहिलं, 'सगळे मग म्हणतात. तो मग कधीच येत नाही.' सुनंदानं ते मोठ्यानं वाचलं. मला माझीच लाज वाटली.

आबा उठले. "चूक आमनी शे. बैस पोरी, तुले बठ्ठं, सगळं सांगस."

सत्तरीचे आबा घोरले, रेल्वेसारखे हलले, दचकून उडी मारून उतरले, बकाबका जेवले. रेवती हसली. मग तिनं लिहिलं, 'आहेर कुणाला दिलात?'

गोष्ट सगळ्यांना पाठ, पण हे कुणी विचारलंच नव्हतं! आबांचे कान लाल. "त्याच नवरीले दिधा," ते पुटपुटले, आणि रेवतीला कळावं म्हणून पुन्हा हातानं करून दाखवलं. शेत दणाणलं, आणि या वेळी सगळ्यांबरोबर तीही हसली.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या फाटकाशी सुनंदानं मोबाईलवर पाहून शिकलेली 'घर' ही खूण केली. झाला नमस्कार! रेवतीनं कपाळावर हात मारला. मग आईचे तळवे अलगद दूर केले, बोटांची टोकं जुळवून छप्पर केलं, आईच्या मोबाईलमधल्या कॅलेंडरात होळीवर बोट ठेवलं आणि आत पळाली.

परतीच्या गाडीत माझ्या पिशवीत हिरवी वांगी होती. समोरच्या बाई टक लावून बघत होत्या, कारण मी आपली हातांनी छप्पर करत बसले होते, पुन्हा पुन्हा, नीट जमेपर्यंत.