धूर नसलेला माल

पदनाम: भट्टीचालक, श्रेणी दोन. कार्यस्थळ: डांबर मिश्रण केंद्र. सेवा: एकोणतीस वर्षे. वर्तणूक: समाधानकारक. प्रकृती: कामास योग्य. विशेष कामगिरी: कमी तापमानाच्या मिश्रणाद्वारे केंद्राच्या कार्बन उत्सर्जनात एकवीस टक्के घट घडवून आणण्यात मोलाचा वाटा.

केंद्रावर त्याला भट्टीमामा म्हणत. खडी तापवायची, डांबरात घोळवायची, ट्रक भरून रस्त्यावर पाठवायचा, एवढंच काम. एकोणतीस वर्षांत त्याने जितका धूर गिळला, तितकं जेवण गिळलं असेल का, शंकाच आहे. घर दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या अकराव्या पायरीवर तो थांबायचा आणि भिंतीवरचे विजेचे मीटर वाचल्यासारखं करायचा. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून विचारलं होतं, "निवृत्तीला किती अवकाश?"

"दोन वर्षं."

"धूर आधी सोडा," डॉक्टर म्हणाले, जणू तो शौक म्हणून धुरात बसत होता.

मग वरून आदेश आला. डांबरात एक पातळ द्रव मिसळायचा, म्हणजे माल एकशे साठऐवजी एकशे वीस अंशांवरच पसरतो. तेल कमी जळतं, धूर जवळपास होतच नाही. पृथ्वीचं भलं होणार होतं. भट्टीमामाला आपल्या छातीचं झालं तरी पुरे होतं. पहिल्या आठवड्यातच तो अकराव्या पायरीवर न थांबता वर आला. दार उघडत बायको म्हणाली, "आज मीटर वाचायचे राहिले वाटतं?"

रस्त्यावर मुकादम होता तिचाच धाकटा भाऊ. त्याच्या टोळीची रीत जुनी होती: ट्रकचा मागचा फाळका उघडला की निळा धूर निघाला पाहिजे. नाही निघाला, तर माल मेला. नव्या मालाचा पहिलाच ट्रक त्याने परत पाठवला आणि फोन केला.

"दाजी, भट्टी पेटवलीत की नुसती उदबत्ती लावलीत?"

"अरे, नवीन माल आहे. धूर नसतोच त्याला."

"मग तो तुमच्या अंगणात पसरा."

इंजिनिअरसाहेबांनी मालात तापमापक खुपसून दाखवला. मुकादम म्हणाला, "साहेब, उद्या रस्ता उखडला तर लोक या काडीला शिव्या देणार नाहीत." साहेबांना दुसरीकडे बैठक होती.

परत आलेला माल ट्रकातच थिजला. पहारींनी फोडून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन ट्रक परत आले. केंद्रप्रमुखांनी भट्टीमामाला बोलावलं. "अजून एक परत आला, तर उद्यापासून येऊ नका."

बायकोने भावाला फोन लावला. "अरे, तुझ्या दाजींचा श्वास मोकळा झालाय रे. घे ना तो माल."

"ताई, एकदा खड्डा पडला की माझ्या टोळीला कोण उभं करील?"

त्याचंही खोटं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भट्टीमामाने ज्योत वाढवली. एकशे साठ. निळा धूर निघाला, ट्रक गेले, एकही परत आला नाही. "आता कसं, दाजी! हा खरा माल," मुकादमाचा फोन आला. तापमानाच्या वहीत दर तासाला भट्टीमामाने सुवाच्य अक्षरात लिहिलं: एकशे वीस. वर्षभर लिहिलं. तेलाचे टँकर पूर्वीइतकेच येत होते, पण टँकर मोजणं अहवालाच्या कक्षेत नव्हतं. अहवाल वहीवरून झाला, घट वहीवरून निघाली आणि सर्वांत नीटनेटकी वही ठेवणाऱ्या चालकाचा सत्कार ठरला.

जिन्यावर तो आता पाचव्या पायरीलाच थांबत होता. तिथे वाचायला काही नव्हतं.

सत्काराच्या दिवशी त्याचं नाव पुकारलं गेलं. व्यासपीठाला सात पायऱ्या होत्या. तो तिसरीवर थांबला. उरलेल्या चार त्याची बायको चढली.