लेबर चार्जचं भांडण

आई गेल्यानंतर गाडी पहिल्यांदा सर्व्हिसिंगला टाकायची वेळ आली, तेव्हा मी मुद्दाम बाबांना बरोबर घेतलं. गाडी त्यांचीच. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली, आमच्या घरातली पहिली चारचाकी. पण मला त्यांची सोबत नको होती, त्यांचं भांडण हवं होतं. कितीतरी दिवस ते घरात वावरत होते, जेवत होते, पेपर चाळत होते आणि कशावरच काही बोलत नव्हते. आमटीत मीठ नसलं तरी नाही. मीही फार वेगळी नव्हते. सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचं, अंधारल्यावर परत यायचं. रडू येत नव्हतं आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं. दोघांतल्या एकाला तरी कशाचा तरी राग यावा, एवढीच माझी इच्छा होती.

बाबा आयुष्यभर पिंपरीच्या कारखान्यात लेथवर उभे राहिलेले. तिथे एक साहेब स्टॉपवॉच घेऊन मागे उभा राहायचा आणि कुठल्या कामाला किती मिनिटं लागली पाहिजेत ते ठरवायचा. त्या घड्याळाचा राग त्यांच्या अंगात मुरला होता. शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांना तेच घड्याळ पुन्हा भेटलं. तिथे लेबर चार्ज लावतात तो खरोखर लागलेल्या वेळाचा नव्हे, तर तक्त्यात ठरवून दिलेल्या वेळाचा. ब्रेकचं काम तासाचं म्हटलं की तासाचंच, मग कारागिराने ते अर्ध्या तासात का उरकेना.

"उरलेला अर्धा तास कोणाच्या खिशात गेला म्हणायचं?" बाबा काउंटरवरच्या माणसाला विचारायचे. तो बिचारा समजावून सांगायचा. मुलांचं ट्रेनिंग असतं, मशिनं असतात, कामाची गॅरंटी असते, शिवाय हा एसी.

"एसी आम्ही मागितला नव्हता. आणि त्या काचेपलीकडे वर्कशॉपमध्ये ज्याचे हात काळे झालेत, त्याला यातले किती मिळतात तेवढं सांगा. सगळे मिळत असतील तर आत्ता दुप्पट देतो."

एकदा घरी येताना बाबांनी हाच प्रश्न माझ्याकडे वळवला. तुझ्या एका तासाचे तुमच्या कंपनीचं परदेशातलं गिऱ्हाईक किती मोजतं आणि तुझ्या हातात किती पडतात? मी म्हटलं, बाबा, तो कंपनीचा धंदा आहे. "म्हणजे तूही काचेपलीकडचीच," ते म्हणाले. मला राग आला, कारण ते खरं होतं. तो लेबर चार्ज रास्त आहे की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. जागेचं भाडं, वीज, हत्यारं यांचे पैसे कुणीतरी भरणारच. पण बाबांचा प्रश्न त्यात कुठेच बसत नाही.

या भांडणाचा शेवट मात्र ठरलेला असायचा. आई मागच्या खुर्च्यांवर फुकटची कॉफी पीत बसलेली असे. बराच वेळ ऐकून घेतल्यावर ती उठायची, पिशवी खांद्याला अडकवायची आणि काउंटरपाशी येऊन म्हणायची, "अहो, देऊन टाका आता. घरी जाऊ." बाबा लगेच पाकीट काढायचे. इतक्या चटकन, की ते त्या वाक्याची वाट बघतच भांडत असावेत असं मला वाटायचं.

त्या दिवशी काउंटरवर तोच माणूस होता. बाबांना पाहून तो सावरून बसला. बिल पुढे सरकवताना आपणहून म्हणाला, "काका, लेबरमध्ये थोडे मी आधीच कमी केलेत." बाबांनी नुसती मान हलवली. बिल त्यांनी वाचलंसुद्धा नाही.

मग मीच सुरुवात केली. वायपर बसवायला कसलं लेबर? उरलेला वेळ कोणाच्या खिशात गेला? एसी आम्ही मागितला होता का? सगळी वाक्यं बाबांची होती, सूरही त्यांचाच. माझा आवाज चढला, शेजारच्या काउंटरवरचे लोक वळून बघायला लागले, पण आत काहीच हलत नव्हतं. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं मी बोलत होते आणि बोलता बोलता बाबांकडे बघत होते. आता तरी त्यांनी तोंड उघडावं, मला बाजूला सारावं आणि पुढचं भांडण आपल्याकडे घ्यावं.

बाबांनी वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही. ते मागे वळले आणि खुर्च्यांकडे बघत राहिले. तिथे कॉफीचे कप घेऊन चार माणसं बसली होती. कुणी उठलं नाही.

मग त्यांनी काउंटरवर ठेवलेली माझी पर्स उचलली, माझ्या खांद्याला अडकवली आणि हळू आवाजात म्हणाले, "देऊन टाक आता. घरी जाऊ."

मी लगेच कार्ड काढलं.