नळकांड्यातली वस्ती

नकाशा मागायला कुणी आलं की तो आधी त्याचे हात बघायचा. "उलटे करा," म्हणायचा. "आता सुलटे." मग बादलीकडे बोट दाखवायचा. असा माणूस तुम्हीही कुठल्या तरी कचेरीत पाहिला असेल. आमचा हा सोलापुरात मोजणीच्या कचेरीत नकाशे सांभाळायचा. मी तिथं झाडायची, पाणी भरायची.

नकाशे पत्र्याच्या नळकांड्यांत, वर कडुनिंबाचा पाला. बायकोला कधी इतकं जपलं नसेल. "कागद हिंडला की मेला," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

बाहत्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडच्या माळावर माझ्या बहिणीच्या वस्तीची विहीर आटली. टँकर गावापर्यंत यायचा, वस्तीवर नाही. पाण्याच्या खात्याच्या नकाशात तिथं नुसता माळ होता. इंजिनिअर म्हणाला, "बाई, वस्ती नकाशात दाखवा, लगेच टँकर लावतो." वस्ती आणि तिची गाडीवाट आमच्या नळकांड्यात होती. मी इंजिनिअरलाच कचेरीत घेऊन आले.

आमच्या ह्यानं त्याला दोनदा हात धुवायला लावले. पाणी मीच ओतलं आणि मोरीत जाताना बघत राहिले.

"प्रत काढून घेतो," इंजिनिअर म्हणाला.

"पेन्सिलीचा दाब पडतो."

"मग एक दिवस उसना द्या."

"तुमच्या खात्याचे कागद आम्ही मागतो का?"

मी म्हणाले, "साहेब, माजी भैन हाय की तितं. पोरं हायत तिची."

"मावशी, माणसं आज आहेत, उद्या नाहीत. नकाशा राहायला पाहिजे."

मोठ्या साहेबांनी झापलं, तेव्हा हा स्वतः टँकरमध्ये बसून गेला. नकाशा एकटा कसा पाठवायचा! बायका घागरी घेऊन धावल्या, तर हा ओरडतोय, "लांब! शिंतोडे उडतील!"

बहिणीनं विचारलं, "डब्यात काय हाय वो?"

"तुमची वस्ती."

"मग उतरवा की खाली!"

एका म्हातारीची भरलेली घागर त्यानं उचलून दिली, असंही बहीण सांगायची. एका हातानं. दुसऱ्या हातात नळकांडं होतं.

पुढच्या खेपांना प्रत जोडल्याशिवाय मंजुरी नाही, असं पाण्याच्या खात्यानं कळवलं. "एकदा दाखवला ना?" म्हणून यानं प्रत दिली नाही. मोठ्या साहेबांची तोवर बदली झाली होती. टँकर पुन्हा वस्तीवर गेलाच नाही. बहिणीनं शेरडं मातीमोल विकली आणि पोरांना घेऊन भवानी पेठेत माझ्या खोलीवर आली. बाकीची घरंही उठली.

एके दिवशी त्यानं विचारलं, "मावशी, वस्तीवर कुणी उरलंय का?"

"कुत्रंसुदिक न्हाय."

मला वाटलं, आता तरी मान खाली घालेल. त्यानं खाली घातली, पण नकाशावर. टाक बुडवून वस्तीच्या नावापुढे 'ओसाड' असं लिहिलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, तरी लांबून वाचता आलं, इतकं सुरेख अक्षर. मग शाई वाळावी म्हणून तो हळूहळू फुंकर घालत बसला.