रोवणीचं स्टालिनग्राड

मी एम.ए.ला इतिहास घेतला तेव्हा आमच्या घराण्यातली पहिली पदवी, माझीच, भिंतीवर टांगून झाली होती. त्यासाठी मायनं काय काय सोसलं, ते मला ठाऊक आहे. घरच्यांना वाटायचं, हिला सगळं कळतं. मलाही तसंच वाटायचं.

माय आणि काकी यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, एकमेकींना लागून. इटियाडोह धरणाचं पाणी आधी काकीकडे उतरायचं, मग आमच्याकडे, म्हणून दोघींचं युद्ध कायमचं. यंदा दोघींची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, एकाच दिवशी आली. रोवणाऱ्या बायांची टोळी एकच, बाजूच्या गावातून ऑटोनं येणारी, आणि ती काकीनं आधीच सांगून ठेवलेली. आमचे पऱ्हे, धानाची रोपं, तर वाफ्यात वाढून चालले होते. आणखी उशीर झाला असता तर पीक हातचं गेलं असतं.

मी तेव्हा दुसरं महायुद्ध वाचत होते. जेवताना मायला समजावलं, "एक लढाई अख्ख्या युद्धाची दिशा बदलते. स्टालिनग्राडला वेढ्यात अडकलेल्या जर्मनांना रसद पुरली नाही, तिथून जर्मन फौजा मागेच सरकत गेल्या. काकीची रसद म्हणजे तो ऑटो. तो धर."

मायनं खरंच धरला. सकाळी फाट्यावर गरम भज्यांचा डबा उघडला आणि अख्खी टोळी आमच्या शेताच्या धुऱ्यावर उतरवली. मी सेनापतीसारखी उभी.

टोळीची म्होरकी पदर खोचून बांधीत उतरली. "पऱ्हे कुठी आहेत, माय?"

ऑटोच्या नादात पऱ्हे उपटायचेच आम्ही विसरलो होतो.

"फौज आणली अन् गोळ्या कायले घरी ठेवल्या?" तिनं भजं चावत विचारलं. बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

तिकडे काकीच्या बांधीत उपटलेल्या जुड्या तयार, रोवायला कोणी नाही. ऊन चढलं की त्या माना टाकणार. काकी तावातावानं धुऱ्यावर आली.

"काऊन जाऊबाई, भजे चारून बाया पळवता? तुमची पोट्टी शिकली का बिघडली?"

"दोन्ही," माय म्हणाली.

काकीला हसू फुटलं आणि तिथंच तह झाला. आज काकीची रोवणी, दुपारून काका आमचे पऱ्हे उपटायला हात लावणार, उद्या टोळी आमची. शेवटचं कलम काकीचं होतं: "सेनापतीले उतरवा चिखलात."

दिवसभर मी काकीच्या बांधीत वाकून रोवत होते आणि म्होरकी मागून ओरडत होती, "सेनापती, ओळ वाकडी जाऊन राहिली!"